आपल्या सीड्या किलोवर द्यायच्या नाहीत

परवा एक पोरगं घरी आलं होतं. चळवळीतलंच. वाचणारं, मोर्चात पुढं असणारं. माझ्या खोलीत खोकी पसरलेली. पलंगावर, पलंगाखाली, मोरीच्या कठड्यावर, जिकडं बघावं तिकडं सीड्या आणि डीव्हीड्या. त्यानं एक उचलली, उलटी केली, तिच्यात स्वतःचं तोंड बघितलं, केस सारखे केले आणि म्हणालं, "काका, हे कशाला सांभाळताय? सगळं मोबाईलवर आहे आता."

सगळं मोबाईलवर आहे. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही पटलं. गुडघे दुखत होते, सतरा खोकी अजून बांधायची होती. पण पोरगं गेल्यावर मी मोबाईल घेऊन बसलो आणि पहिल्या खोक्यातलं एकेक नाव त्यात शोधत गेलो. रात्री दोनपर्यंत. बासष्ट नावांपैकी एकोणीस सापडली. त्यातली निम्मी तुकड्यातुकड्यांनी, कुणीतरी चढवलेली, मधे जाहिराती, वर कुणाच्यातरी दुकानाचा शिक्का. बाकीची त्रेचाळीस कुठंच नाहीत. तर हा लेख त्या पोराला उत्तर आहे. तोंडावर दिलं असतं तर शिवी गेली असती.

झालंय असं, की आमची फणसवाडीतली चाळ पाडायला निघालीय. बालाजीचं देऊळ राहील, पारशांची अग्यारी राहील, आम्ही मात्र तीन वर्षं बाहेर. बिल्डरच्या भाषेतली तीन वर्षं. गिरगावात राहणाऱ्याला हा हिशेब पाठ आहे. बाप थिएटरात डोअरकीपर होता, त्या नोकरीपायी ही जिन्यालगतची दहा बाय बाराची खोली मिळाली. आडनाव विचारून मिळाली नसती. आता विरारला भाड्यानं जागा बघितलीय. बायको म्हणते, भांडी येतील, गाद्या येतील, तुमची ही दुकानदारी येणार नाही. तिचंही चूक नाही. ११४० नग भरले. मी पहिल्यांदाच मोजले.

म्हणून दोन गिऱ्हाइकं बोलावली.

पहिला शेजारच्या इमारतीतला. सिनेमांचा संग्रह करणारा. त्याच्या घरी भिंतभर काचेचं कपाट आहे, आत परदेशातून मागवलेल्या पत्र्याच्या डब्यांतल्या ब्ल्यू-रे, नावानुसार ओळीनं लावलेल्या. काहींचं वरचं प्लास्टिक अजून फाडलेलं नाही. फाडलं की किंमत उतरते म्हणे. माणूस वाईट नाही. सीडी कशी पुसायची, कशी उभी ठेवायची हे मला त्यानंच शिकवलं. तो खाली बसला आणि भराभर दोन ढीग करू लागला. हे घेतो. हे नको. घेतो त्या ढिगात सत्यजित राय, बेनेगल, काही हॉलिवुडवाले, एक-दोन जुने मराठी. नको त्या ढिगात सहा डिसेंबरला दादरला घेतलेल्या सगळ्या सीड्या, जलशांच्या, लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पोरांनी काढलेल्या, मार्कर पेननं नाव लिहिलेल्या. "ह्या ओरिजिनल नाहीत ना," तो म्हणाला. हात मात्र थांबत नव्हता. ती हाताची हालचाल मी ओळखतो. माझ्या आजीनं ती जन्मभर पाहिली. कप वेगळा ठेवायची हालचाल.

दुसरा भंगारवाला. त्यानं तराजू काढला. म्हणाला, प्लास्टिकचा भाव लागेल, चमकीचा नाय. कव्हरं आधी काढून ठेवा, कागद वेगळा जातो.

मी दोघांनाही परत पाठवलं.

ह्या ढिगात आहे काय, ते आधी सांगतो. २००० सालानंतरची दहाएक वर्षं आठवा. ज्यांना आठवत नाहीत त्यांनी घरातल्या मोठ्यांना विचारा. शिवाजी पार्काच्या कडेनं पुस्तकांचे ठेले, बाजूला फोटो, बिल्ले, पंचशीलाचे झेंडे, आणि त्यांच्या मधेमधे सीड्यांची टेबलं. टेबलावर छोटा टीव्ही, त्याच्यावर भीमगीतं चालू. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप. लोक विदर्भातून, मराठवाड्यातून रेल्वेनं आलेले, दोन दिवस मैदानात उपाशीतापाशी राहिलेले. परत जाताना पिशवीत एक पुस्तक आणि एक सीडी. वर्तमानपत्रं दुसऱ्या दिवशी काय छापायची? मैदानावर कचरा किती झाला ते. त्या मैदानात एका दिवसात किती पुस्तकं विकली गेली, किती गाणी खेड्यापाड्यांत पोचली, हे मोजावंसं त्यांना वाटलं नाही.

तिथंच मी जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' घेतला. हा सिनेमा मुळात इंग्रजी. केंद्राच्या आणि महाराष्ट्र सरकारच्या पैशातून बनलेला. मामुट्टीला त्यातल्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण पुरस्कार देणं वेगळं आणि सिनेमा लोकांपर्यंत नेणं वेगळं. तमिळनाडूत त्याची तमिळ आवृत्ती लागायला २०१० उजाडलं, त्यासाठी मद्रास हायकोर्टापर्यंत जावं लागलं. सरकारनं बनवलेला सिनेमा दाखवायला कोर्टाची पायरी! इकडं आमच्या वस्त्यांत तो फिरला तो व्हीसीडीवर. एका व्हीसीडीत सव्वा तासाच्या आसपास चित्र मावायचं, म्हणून एक सिनेमा दोन नायतर तीन सीड्यांत तोडलेला. माझी तिसरी सीडी अडकायची. नेमक्या धर्मांतराच्या प्रसंगाला चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे, आवाज तुटायचा. खोलीत दाटीवाटीनं बसलेल्या बाया हात जोडून तशाच बसून राहायच्या. चौकोन जुळून परत बाबासाहेबांचा चेहरा होईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. माझी आई त्यात होती. तिला कुणी सांगावं की ही ओरिजिनल नाही.

संग्राहकांच्या जगात ओरिजिनल हा शब्द गोत्रासारखा चालतो. कुठल्या कंपनीची, कितवी आवृत्ती, पेटी मूळची का, आतला कागद आहे का. मूळ, शुद्ध, न हाताळलेलं. आपल्याकडच्या सीड्या हाताळलेल्या आहेत, साहेब. शंभर हातांतून गेल्यात. त्यांच्यावर तेलकट बोटांचे ठसे आहेत, भाकरीच्या पिठाचे आहेत. गंमत म्हणजे, ज्या डीव्हीडीचं ह्यांना एवढं कौतुक, तिच्यात कंपन्यांनी जगाचे सहा तुकडे करून ठेवले होते. आपण पाचव्या तुकड्यात. अमेरिकेतली डीव्हीडी इथल्या प्लेअरवर चालायची नाही. तबकडीलासुद्धा गावकूस! लॅमिंग्टन रोडवरचा मेकॅनिक रिमोटवर चार आकडे दाबून ते कुलूप काढून द्यायचा. आणि ज्या व्हीसीडीला हे लोक हलकी समजायचे, तिला असलं कुठलंच कुलूप नव्हतं. कुठंही घाला, चालणार.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, नायतर पोरं गैरसमज करून घेतील. चोरीची कॉपी म्हणजे क्रांती, असं मी म्हणत नाही. आपल्या माणसानं कष्टानं सिनेमा काढला तर तिकीट काढून बघायचा, डीव्हीडी निघाली तर पैसे मोजून घ्यायची. भीमगीतांच्या सीड्यांवर कंपन्यांनी पैसे केले. मला भेटलेल्या दोन गायकांना एकदाच ठोक रक्कम मिळालेली, पुढं सीडी किती खपली ते त्यांना कुणी सांगितलंसुद्धा नाही. हीही चोरीच. तिला मात्र ओरिजिनल म्हणतात, कारण वर होलोग्राम आहे.

आता मोबाईलकडं येऊ. ओटीटी म्हणा, स्ट्रीमिंग म्हणा. तिथं तुम्ही सिनेमा घेत नाही. बघायची परवानगी घेता, महिन्याच्या भाड्यानं. चाळीत राहणाऱ्याला हे लगेच कळेल. पागडीचा भाडेकरू सहजासहजी निघत नाही, बिल्डरलाही त्याच्या दारात यावं लागतं. ओटीटीवर तुम्ही लिव्ह अँड लायसन्सवाले. मालकानं सांगितलं, निघालात. अमेरिकेत ॲमेझॉननं २००९ साली लोकांनी पैसे देऊन घेतलेलं एक पुस्तक त्यांच्या किंडलमधून रातोरात पुसून टाकलं. पुस्तक कुठलं? जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४'. ज्यात सरकार जुने कागद जाळून इतिहास बदलत राहतं, तेच. हक्काचा काहीतरी घोळ होता, कंपनीनं पुढं माफी मागितली, पैसे परत केले. पण हात घरात शिरू शकतो हे दिसलं ते दिसलंच.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. 'जय भीम' हा तमिळ सिनेमा नोव्हेंबर २०२१ मध्ये थिएटरात न लागता थेट ॲमेझॉनवर आला. इरुळर आदिवासींना पोलीस कोठडीत कसं मारलं, त्याची गोष्ट. एका दृश्यात भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यावरच्या चिन्हावरून वन्नियार संघटनांनी गदारोळ केला आणि काही दिवसांत पडद्यावरचं कॅलेंडर बदललं गेलं. बदल योग्य की अयोग्य, तो वाद वेगळा. मी त्यात पडत नाही. मला वेगळंच दिसतं. ज्यानं पहिल्या दिवशी पाहिला त्यानं एक सिनेमा पाहिला, ज्यानं पंधरवड्यानं पाहिला त्यानं दुसरा पाहिला, आणि नाव दोन्हींचं एकच. आज चांगल्या कामासाठी एक कॅलेंडर बदलता येतं, तर उद्या वाईट कामासाठी मारणाऱ्याची जात बदलता येईल. मेलेल्याची बदलता येईल. तुम्ही म्हणाल, आम्ही पाहिलं होतं तसं आता नाही. ते विचारतील, पुरावा काय? तुमच्या कपाटात असेल तर पुरावा. नसेल तर तुम्ही खोटे.

'अन्नपूर्णी' हा सिनेमा सेन्सॉरनं पास केलेला, थिएटरात लागलेला. जानेवारी २०२४ मध्ये तक्रारी झाल्या आणि नेटफ्लिक्सवरून तो उचलला गेला. दलित पोरीच्या बलात्काराचा आणि खुनाचा तपास ज्यात आहे तो 'संतोष', ब्रिटननं ऑस्करला पाठवलेला, इथल्या सेन्सॉरनं अडवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओटीटीवर येणार अशी तारीख लागली, तीही आयत्या वेळी रद्द झाली. एप्रिल २०२५ मध्ये 'फुले' सिनेमाला सेन्सॉरनं सांगितलं की महार, मांग, पेशवाई हे शब्द काढा. जोतीरावांच्या सिनेमातून महार-मांग काढले तर तो माणूस शाळा कुणासाठी काढत होता? आणि त्याच वर्षी, ढसाळांच्या कवितांवरचा 'चल हल्ला बोल' घेऊन लोक सेन्सॉरकडं गेले, तर तिथून 'कोण नामदेव ढसाळ?' असं विचारलं गेल्याच्या बातम्या आल्या. १९९९ साली ह्याच देशानं त्या माणसाला पद्मश्री दिली होती. विसरले असतील. किंवा ज्याच्या हातात शिक्का असतो त्याला विसरायची चैन परवडते.

म्हणजे 'सगळं मोबाईलवर आहे' ह्याचा अर्थ काय? त्यांनी ठेवलं तेवढं, त्यांनी कापलं तसं, त्यांना वाटेल तोवर.

गिरगावात राहून हे मला उशिरा कळलं, ह्याची लाज वाटते. कारण ह्याच रस्त्यांवर सगळं घडलेलं. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला इथल्याच कॉरोनेशनमध्ये लागला. १४ मार्च १९३१ ला पहिला बोलपट 'आलम आरा' मॅजेस्टिकमध्ये लागला. मॅजेस्टिक आमच्या वाडीतून पायी जायच्या अंतरावर. थिएटर पाडलं गेलं, तिथं शॉपिंग सेंटर उभं आहे. आणि 'आलम आरा'? त्याची एकही प्रत आज शिल्लक नाही. पडद्यावर बोललेला पहिला माणूस काय बोलला, कुणालाही ऐकता येणार नाही. जुन्या फिल्मवर चांदीचा थर असायचा. सिनेमा चालून चालून जुना झाला की रिळं भंगारात विकायची, भंगारवाला धुऊन चांदी काढायचा. खालच्या सेल्युलॉइडचंही काहीबाही व्हायचं. किती मूकपट असे बांगड्यांत आणि चांदीच्या लगडीत गेले, आणि जे उरलं त्यातलं काही पुण्याच्या फिल्म संग्रहालयाला जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत गेलं.

हे तर त्यांचे सिनेमे. पैसेवाल्यांचे. ज्यांच्यामागं कंपन्या होत्या, स्टुडिओ होते. त्यांचंही किलोवर गेलं. मग आपलं कोण ठेवणार?

बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेची हलती चित्रं आपण दर सहा डिसेंबरला बघतो. समुद्रासारखी माणसं, ट्रकवरची फुलं. ती आभाळातून पडली नाहीत. ७ डिसेंबर १९५६ ला नामदेवराव व्हटकर नावाच्या माणसानं पदरचे पैसे घालून कॅमेरा लावला आणि ती यात्रा फिल्मवर घेतली. स्वतः लेखक, सिनेमावाला. त्याला कळलं की हे कुणीतरी घेतलं पाहिजे, आणि दुसरं कुणी घेणार नाही. तो एक माणूस त्या दिवशी नुसता रडत बसला असता तर आज आपल्याकडं तेवढंही नसतं. त्याउलट बघा. १० जानेवारी १९७४ ला परळला मोर्चावर वरून दगडी पाटा टाकून भागवत जाधवला मारलं. पँथरचा पहिला शहीद. त्या मोर्चाचं हलतं चित्र मी आजवर बघितलेलं नाही. मुंबई दूरदर्शन त्याच्या सव्वा वर्ष आधी, २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं होतं. पँथर आणि टीव्ही, दोघं एकाच वर्षी मुंबईत जन्मले. कॅमेरा कुणाच्या दारात जायचा ते कॅमेरावाल्यांनी ठरवलं.

विलास घोगरे आठवा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं मेली. चार दिवसांनी ह्या शाहिरानं मुलुंडच्या आपल्या झोपडीत फास लावून घेतला. डोक्याला निळी पट्टी बांधून. पोलिसांचा बचाव होता की जमाव टँकर पेटवणार होता. गुंडेवार आयोगानं तो मानला नाही. हे सगळं आनंद पटवर्धननं चौदा वर्षं चित्रित करत 'जय भीम कॉम्रेड'मध्ये ठेवलं. विलासचं गाणं त्याच्याकडं आधीपासून होतं, १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये. त्यामुळं विलास आजही गातो. 'जय भीम कॉम्रेड'ची डीव्हीडी माझ्याकडं आहे, पैसे देऊन घेतलेली. चौथ्या खोक्यात.

ती मी एकदा वाडीत दाखवली. २०१४ च्या जानेवारीत. आधी मंडळाकडं गेलो, पडदा आणि प्रोजेक्टर त्यांच्याकडं होता. गणपतीत 'शोले' दाखवतात, मग हा का नको? म्हणाले, सिनेमा आहे ना, मग करमणुकीचा दाखवा, वाद कशाला. शेवटी गच्चीवर चादर बांधली, प्रोजेक्टर परळहून एका दोस्तानं आणला. चौदा माणसं आली. सिनेमा तीन तासांवर, थंडी वाजत होती, मधे सात उठून गेली. तळमजल्यावरचे एक निवृत्त मास्तर मात्र शेवटपर्यंत बसले, कानटोपी घालून. संपल्यावर मला म्हणाले, "हे सगळं मुंबईतच झालं? आम्हाला कसं कळलं नाही?" मी म्हटलं, "पेपरात आलं होतं, मास्तर. तुम्ही घेता त्याच पेपरात." ते काही बोलले नाहीत, जिना उतरून गेले. सकाळी नळावर सगळे गप्प. पण दुपारी कॉलेजातल्या दोन पोरी आल्या डीव्हीडी मागायला. मी दोन कॉप्या करून दिल्या. एक महिन्याभरानं परत आली. दुसरी आलीच नाही. परत आली नाही तिचंच मला जास्त बरं वाटलं. कुठंतरी फिरत असेल.

म्हणून सांगतो, नुसतं जपून ठेवणं हे काम नाही. काचेच्या कपाटात बंद असलेली ब्ल्यू-रे आणि भंगारवाल्याच्या गोणीतली सीडी, दोन्ही सारख्याच मुक्या. बाबासाहेबांनी दादरला 'राजगृह' बांधलं ते पुस्तकांसाठी. पन्नास हजारांवर पुस्तकं होती म्हणतात. पोट मारून घेतलेली. पण त्या माणसानं ती मांडून ठेवली का? ती वाचली, त्यावर खुणा केल्या, त्यांतून दारूगोळा काढला. आणि १९८८ विसरू नका. सरकारनं छापलेल्या बाबासाहेबांच्या चौथ्या खंडातलं राम-कृष्णावरचं परिशिष्ट काढायचं घाटलं होतं. अमरावतीत खंड जाळला गेला. ५ फेब्रुवारीला मुंबईत आपली माणसं लाखांनी उतरली तेव्हा कुठं परिशिष्ट राहिलं, खाली 'शासन सहमत आहेच असे नाही' अशा अर्थाची टीप लावून. तेव्हा हातात छापील कागद होता. कागद होता म्हणून त्यातून काय काढलं जातंय ते कळलं, आणि रस्त्यावर यायला कारण मिळालं. तो खंड कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर असता तर? रात्री साडेतीनला एक बटण. सकाळी कुणाला पत्ता नाही.

ह्यात आपला गुन्हाही कमी नाही. आपण मूर्तीला हार घालतो, आणि ज्यात वामनदादा गाताना दिसतात ती सीडी पोराच्या सायकलच्या चाकाला चमकते म्हणून लावतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय. वामनदादा २००४ साली गेले. गावोगावच्या लग्नांत, जयंतीत ते गात, तिथं व्हिडिओवाला पोरगा उभा असे. ती टेप, तिची सीडी, आज कुणाच्या माळ्यावर आहे? एकेक शाहीर, एकेक जलसा, नामांतराच्या मोर्चाचं घरगुती शूटिंग, कुणाच्या आजीनं सांगितलेली महाडची आठवण. ह्याला दुकानात भाव नाही, कारण हे दुकानात आलंच नव्हतं. बाजारच बसला म्हणा. २००७ च्या सुमाराला मोझर बेअर कंपनी २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ ला डीव्हीडी विकत होती, फुटपाथवाल्यापेक्षा स्वस्त. २०१८ साली ती कंपनी दिवाळ्यात निघाली. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ ला बंद झालं. खुद्द नेटफ्लिक्स, जी कंपनी टपालानं डीव्हीड्या भाड्यानं देऊन मोठी झाली, तिनं सप्टेंबर २०२३ मध्ये तो धंदा बंद केला. लॅपटॉपला आता सीडी घालायची फटच नसते. पाचेक वर्षांत चालू प्लेअर मिळणं मुश्कील होईल. तेव्हा जे करायचं ते आत्ता.

घरी राईट केलेल्या सीडीत एक रंगाचा थर असतो, उन्हानं उडतो. खिडकीत ठेवू नका. सीडीचा जीव वरच्या बाजूला असतो, नाव छापतात त्या बाजूच्या लगेच खाली. खालचा ओरखडा एकवेळ चालतो, वरचा नाही. म्हणून बॉलपेननं लिहायचं नाही, चिकटपट्टी लावायची नाही, लावली असेल तर ओढून काढायची नाही. डीव्हीडी म्हणजे दोन चकत्या चिकटवलेल्या, मधे जीव. वाकवली की सुटते. पुसताना मधून कडेकडे पुसायचं, गोल गोल नाही. उभ्या ठेवायच्या. मुंबईच्या पावसाळ्यात लोखंडी कपाट बरं, भिंतीला टेकवून नको. आणि सगळ्यात आधी, चालतेय तोवर हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायची, दोन जागी, दोन वेगळ्या घरांत. सोबत वहीत लिहायचं: काय आहे, कुठं घेतली, कुणी गायलं, कोण दिसतंय. चेहऱ्यांची नावं म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या.

मी एका वाचनालयात विचारून आलो, खोकी ठेवाल का. त्यांनी यादी मागितली, मी दिली. आठ दिवसांनी निरोप आला, जागा नाही. यादी परत मागितली तर तीही सापडेना.

तेव्हा मी तीन वाटे केलेत. छापील सिनेमे विरारला माझ्याबरोबर येतील. बायकोला अजून सांगितलेलं नाही. जलसे आणि भीमगीतं परळच्या दोस्ताकडं, त्याच्या पोटमाळ्यावर. तिसरा वाटा, मार्करनं नाव लिहिलेल्यांचा, साधारण साडेतीनशे, त्याला अजून घर नाही. ज्या पोरानं केस सारखे केले त्यालाच फोन केला. शनिवारी येतो म्हणाला, बरोबर दोघांना आणतो, कॉम्प्युटरला लावायची फट असलेली मशीन कुठूनतरी मिळवतो. माझ्या प्लेअरच्या ट्रेचा रबरी पट्टा सैल झालाय, ट्रे हातानं ओढावा लागतो. कुणाकडं चालता प्लेअर पडून असेल तर घेऊन या. चाळ रिकामी करायची तारीख महिनाअखेरची आहे.